सरकत्या पानाचा बंदोबस्त

आउटर रिंग रोडवर बेळ्ळंदूरच्या थांब्यापाशी सायंकाळी पाचशे क्रमांकाच्या मालिकेतली बस येऊन उभी राहते, तेव्हा तिच्यात ज्याला बसायला जागा मिळाली आहे आणि ज्याला ती मिळालेली नाही अशा दोघांच्याही हाताचा अंगठा काचेच्या लहानशा पाटीवर खालून वर सरकत असतो, आणि पुढे मारतहळ्ळीपर्यंत रस्ता कितीही तुंबला तरी ती क्रिया थांबत नाही. त्या अंगठ्याखालून जे पान जाते त्याचे काही भाग त्या सरकण्याला अनुसरून आपले रूप, आकार वा स्थान बदलतात: माथ्यावरची पट्टी, जिला या धंद्यातले लोक हेडर म्हणतात, ती आखडते किंवा नाहीशी होते, अनुक्रमणिकेतील चालू प्रकरणाचे नाव ठळक होते, चित्रे नजरेच्या टप्प्यात आली की उमटतात, आणि बरेच अंतर गेल्यावर कोपऱ्यात ‘वर जा’ असे एक बटण उगवते. या हालचालींचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. तो लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ती नोकरीनिमित्त या भागात स्थायिक झालेली मराठी तरुण मंडळी, ज्यांच्यावर कचेरीचे काम आटोपल्यानंतर आपल्या वसाहतीच्या गणेशोत्सवाचे, गावाकडच्या वाचनालयाचे किंवा एखाद्या छोट्या दिवाळी अंकाचे संकेतस्थळ ‘तुला येतं ना, मग तूच कर’ अशा आपुलकीच्या हुकुमाने सोपवले जाते.

प्रथम एक तत्त्व मनाशी पक्के करावे, कारण पुढची सर्व कारागिरी त्यातून निघते. पान सरकवणे ही वाचकाची कृती आहे. ती त्याने आपल्या इच्छेने व आपल्या गतीने आरंभलेली असते, आणि पानाने तिच्या मागोमाग जायचे असते, तिच्या वाटेत उभे राहायचे नसते. अंगठा फिरला आणि पान क्षणभर जागचे हलले नाही, किंवा हलता हलता अडखळले, तर त्याचे कारण वाचकाला ठाऊक नसते, परंतु हातात धरलेली वस्तू निसटल्याची जाणीव त्याला निश्चित होते. आणि ज्या सजावटीसाठी आपण ही दिरंगाई पत्करली ती सजावट त्याच्या लक्षातही आलेली नसते.

ही दिरंगाई कोठून येते ते समजून घेतले पाहिजे. ब्राउझर पडद्यावरचे चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. १२० वेळा उमटवणाऱ्या पडद्यांवर तर जेमतेम ८.३. जावास्क्रिप्ट चालवणे, कोणत्या घटकाला कोणती स्टाइल लागू होते ते ठरवणे आणि तो घटक कोठे व केवढ्या जागेत बसेल याचे मोजमाप, म्हणजे लेआउट, ही सर्व कामे मेन थ्रेड नावाच्या एकाच कामकऱ्याकडे असतात. पान प्रत्यक्ष सरकवण्याचे काम मात्र आजचे ब्राउझर शक्य तेथे कंपोझिटर नावाच्या दुसऱ्या कामकऱ्याकडे देतात. तो आधीच रंगवून ठेवलेले थर नुसते हलवतो, आणि म्हणूनच मेन थ्रेड कामात बुडालेला असतानाही पान सुरळीत सरकू शकते. आपण जेव्हा स्क्रोलच्या घटनेला एखादे फंक्शन जोडतो, तेव्हा ते मेन थ्रेडवर चालते, एकदा अंगठा फिरवताच अनेकदा चालते, आणि पान सरकून गेल्यानंतर चालते. म्हणजे त्यातून होणारा बदल वाचकाच्या अंगठ्यापेक्षा नेहमीच थोडा मागे असतो. त्यातच त्या फंक्शनने एका घटकाची उंची बदलली आणि लगेच दुसऱ्याचे स्थान विचारले, तर ब्राउझरला हातातले काम टाकून साऱ्या पानाचे मोजमाप तेथल्या तेथे पुन्हा करावे लागते. यासाठी मोजायचे ते सर्व आधी मोजावे आणि बदलायचे ते सर्व नंतर बदलावे. हा क्रम मोडला की महागडा फोनही रखडतो.

स्पर्शाच्या आणि माउसच्या चाकाच्या घटना ऐकणारी फंक्शने याहून अधिक घातक असतात, कारण त्यांना सरकणे रद्द करण्याची मुभा असते आणि ती मुभा हे फंक्शन वापरणार की नाही, हे कळेपर्यंत ब्राउझरला थांबून राहावे लागते. आपण रद्द करणार नाही अशी आगाऊ हमी देणारा ‘पॅसिव्ह’ हा पर्याय २०१६ मध्ये क्रोमच्या ५१व्या आवृत्तीत आला. अशी फंक्शने लिहावीच लागली, तर ही हमी दिल्यावाचून लिहू नयेत.

केवळ नवख्यांच्या हातून ही चूक होते असे कोणी समजू नये. २०११च्या जानेवारीत ट्विटरचे पान सरकवताना असह्य मंद होऊ लागले, आणि जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या सुप्रसिद्ध ग्रंथालयाचे कर्ते जॉन रेसिग यांनी त्याची जाहीर चिकित्सा केली. स्क्रोलच्या प्रत्येक घटनेसरशी पानातील एक घटक नव्याने शोधला जात होता. ग्रंथालयाच्या नव्या आवृत्तीत तो विशिष्ट शोध थोडा महाग झाला, आणि तेवढ्याने सारा डोलारा डगमगला. रेसिग यांनी दिलेला सल्ला साधा होता: घटनेच्या फंक्शनमध्ये केवळ ‘पान सरकले’ एवढी खूण करून ठेवावी, खरे काम दर २५० मिलिसेकंदांनी ती खूण पाहून करावे, आणि एकदा शोधलेला घटक जपून ठेवावा. त्या काळी हा उत्तम उपाय होता. आज त्याहून चांगले उपाय उपलब्ध आहेत, आणि ते समजावून देण्यासाठी मला बेळ्ळंदूरच्या तळ्याचाच दाखला सोयीचा वाटतो.

हे तळे फेसामुळे आणि त्यात भडकलेल्या आगीमुळे देशभर गाजले, हे त्याचे दुर्दैव. परंतु मुळात ते बेंगळूरच्या प्राचीन तलावमालिकेतील एक मोठा दुवा आहे, आणि त्याचे पाणी वर्तूरच्या तळ्यात उतरून पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळते. या मालिकेतील तळ्यांच्या बांधाला एक सांडवा असतो, त्याला कन्नडमध्ये ‘कोडी’ म्हणतात. पाणी त्याच्या माथ्याला टेकले की आपसूक पलीकडे वाहते, कोणी पाहत असो वा नसो. शेतांना पाणी सोडण्यासाठी मात्र ‘नीरुगंटी’ नावाचा गावकामगार नेमलेला असे, आणि पाण्याची पातळी पाहून तूब, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, उघडणे वा बंद करणे हे त्याचे वतनी काम होते. आता अशी कल्पना करा की कोडी बांधलीच नाही, आणि नीरुगंटीला ताकीद दिली की रात्रंदिवस, दर क्षणाला पाण्यात काठी बुडवून पातळी मोजत राहा. स्क्रोलच्या घटनेला जोडलेले फंक्शन हा असा काठी घेऊन उभा केलेला माणूस आहे. शहाणा रचनाकार आधी कोडी बांधतो. जेथे कोडीने भागत नाही तेथे पाणी ठराविक खुणेला लागताच नीरुगंटीला वर्दी पोचेल अशी तजवीज करतो. आणि दर क्षणाची मोजणी अगदी नाइलाज झाल्यावरच पत्करतो.

कोडीच्या जातीचा पहिला उपाय म्हणजे सीएसएसमधील ‘पोझिशन स्टिकी’. घटक आपल्या जागी असतो, पानाबरोबर सरकतो, आणि आपण नेमून दिलेल्या रेषेला लागला की तेथे चिकटून राहतो. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. फायरफॉक्समध्ये हा गुणधर्म २०१४ पासून आणि क्रोममध्ये २०१७ पासून आहे, म्हणजे आज तो निःशंकपणे वापरावा. तो चालत नाही अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांच्याकडे मला बहुतेक वेळा तीन कारणे सापडली आहेत. एक तर ‘टॉप’ची किंमत द्यायची राहून गेलेली असते. किंवा वरच्या एखाद्या पूर्वज-घटकाला ‘ओव्हरफ्लो हिडन’ दिलेले असते, आणि मग चिकटण्याची हद्द संपूर्ण पडद्याऐवजी तो पूर्वज ठरतो. किंवा, आणि हे चटकन ध्यानात येत नाही, बाजूचा स्तंभ ग्रिडमध्ये ताणून शेजारच्या मजकुराइतका उंच झालेला असतो, त्यामुळे त्याला सरकायला जागाच उरत नाही. त्याला वरच्या कडेशी बसवले की काम होते. देवनागरीसाठी आणखी एक दक्षता घ्यावी: चिकटलेल्या पट्टीची उंची रोमन अक्षरांच्या हिशेबाने बेतली, तर ‘कैं’मधील मात्रा व अनुस्वार आणि ‘कू’मधील ऊकार वरखाली छाटले जातात; ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये, आणि पट्टीला ठाम उंची देण्यापेक्षा वरखाली मोकळी जागा द्यावी. शिवाय पट्टी चिकटली की पानातील अंतर्गत दुवे तिच्याखाली लपतात. ‘महाप्रसाद’ या दुव्यावर बोट ठेवणाऱ्याला महाप्रसादाचे शीर्षक न दिसता त्याखालची दुसरी ओळ दिसते. ‘स्क्रोल पॅडिंग टॉप’ला पट्टीच्या उंचीएवढी किंमत दिली की हा दोष जातो.

येथे माझ्या हातून घडलेली एक कसूर सविस्तर सांगतो, कारण तिच्यातून मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकाने मला इतके पक्के शिकवले नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवाचे पान मी केले होते. माथ्यावर ११२ पिक्सेल उंचीची पट्टी, तीत वर मंडळाचे नाव आणि खाली पाच दुवे. पान ६० पिक्सेलपेक्षा जास्त सरकले की पट्टी ५६ पिक्सेलांची व्हावी, अशी योजना होती. माझ्या संगणकावर ते देखणे चालले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या एका वृद्ध आजींनी फोन पुढे करून विचारले, ‘अरे, हे असं थरथरतंय का? डोळ्यांपुढं अंधारी येते बघ.’ त्यांच्या फोनवर ती पट्टी एका सेकंदात कित्येकदा मोठी व लहान होत होती, आणि बिचाऱ्यांना आरतीची वेळ काही केल्या वाचता येत नव्हती.

कारण शोधायला मला अर्धी रात्र लागली, पण कारण मोठे सरळ होते. समजा पान ७० पिक्सेल सरकले. ६०ची मर्यादा ओलांडली म्हणून पट्टी ५६ पिक्सेलांनी आखडली. पट्टी पानाच्या ओघातच असल्यामुळे तिच्या खालचा सर्व मजकूर तेवढा वर आला. आणि वाचत असलेली ओळ डोळ्यांपुढून हलू नये या सद्धेतूने क्रोमने सरकण्याचे अंतरच ५६ने कमी करून १४ केले. आता १४ हे ६०हून कमी, म्हणून माझ्या फंक्शनने पट्टी पुन्हा मोठी केली. क्रोमने अंतर पुन्हा ७० केले. आणि हे रहाटगाडगे वाचक अंगठा हलवीपर्यंत अखंड फिरत राहिले. क्रोममध्ये मजकूर असा धरून ठेवण्याची सोय २०१७ पासून आहे, सफारीत ती नव्हती; माझा संगणक सफारीचा आणि आजींचा फोन क्रोमचा, म्हणून दोष मला दिसला नव्हता. पान मुळात आखूड असेल तर ही सोय नसतानाही असेच घडते, कारण पट्टी आखडली की सरकण्याजोगे अंतरच संपते आणि पान आपोआप मागे येते.

या दुखण्यावर दोन औषधे आहेत. लहान होण्याची आणि मोठे होण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवावी, आणि त्या दोहोंतील अंतर पट्टीच्या उंचीतील फरकापेक्षा जास्त असावे: १२०च्या पुढे गेल्यावर आखडायचे आणि ४०च्या आत आल्यावरच पसरायचे असे ठरवले, तर १२१वर आखडलेली पट्टी पानाला ६५वर आणते, जे ४०हून जास्तच आहे, आणि ३९वर पसरलेली पट्टी त्याला ९५वर नेते, जे १२०हून कमीच आहे, आणि चक्र तुटते. पण याहून उत्तम औषध कोडीच्या जातीचे आहे. पट्टीचे दोन मजले करावेत, वरच्यात नाव, खालच्यात दुवे. तिला स्टिकी करावे आणि ‘टॉप’ची किंमत उणे ५६ द्यावी. मग वाचक सरकू लागला की वरचा मजला पडद्याबाहेर सहज निघून जातो आणि खालचा माथ्याशी चिकटून राहतो. उंची कधीच बदलत नाही, मर्यादा मोजावी लागत नाही, आणि ना फंक्शन लागते ना थरथर होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तेच केले, आणि तेव्हापासून आखडणाऱ्या पट्टीसाठी जावास्क्रिप्ट लिहिलेले नाही.

नीरुगंटीला वर्दी देण्याच्या व्यवस्थेचे नाव ‘इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर’. ती क्रोममध्ये २०१६ साली, फायरफॉक्समध्ये २०१७ साली आणि सफारीत २०१९ साली आली. अमुक घटक पडद्याच्या हद्दीत आला किंवा हद्दीबाहेर गेला की कळव, एवढे ब्राउझरला एकदा सांगून ठेवायचे. दर क्षणाचा तगादा लावायचा नाही. पट्टीखाली सावली पाडायची असेल तर पानाच्या अगदी आरंभी एक पिक्सेल उंचीचा रिकामा घटक ठेवावा आणि तो दिसेनासा झाला की पट्टीला सावलीचा वर्ग लावावा. ‘वर जा’ या बटणासाठी असाच एक घटक पडद्याच्या दीड-दोन उंचींइतक्या अंतरावर ठेवून तो पडद्याच्या वर निघून गेला आहे का ते पाहावे, कारण तो खाली अजून यायचा असतानाही ‘दिसत नाही’ अशीच वर्दी येते. ‘रूट मार्जिन’ या किमतीने हद्द आतबाहेर सरकवता येते. अनुक्रमणिकेतील चालू प्रकरण ठळक करायचे असेल तर ही हद्द वरून उणे २० आणि खालून उणे ७० टक्के करावी, म्हणजे पडद्याच्या वरच्या भागातील एक अरुंद पट्टा उरतो, आणि त्या पट्ट्यात जे प्रकरण आहे तेच चालू मानावे. ‘थ्रेशोल्ड’ची किंमत १ देण्याचा मोह मात्र आवरावा, कारण पडद्याहून उंच असलेला घटक संपूर्णपणे कधीच दिसत नाही आणि ती वर्दी कधीच येत नाही. जे काम एकदाच व्हायचे आहे ते होताच त्या घटकावरचा पहारा उठवावा. चित्रे उशिरा आणण्यासाठी हीही खटपट नको. चित्राच्या खुणेतच ‘लोडिंग लेझी’ लिहावे, रुंदी व उंची न चुकता द्यावी, म्हणजे चित्र आल्यावर मजकूर उडी मारणार नाही, आणि पानातील पहिल्या चित्राला हे लावू नये, कारण ते वाचकाला ताबडतोब हवे असते.

या व्यवस्थेचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपयोग कथनाचा आहे. २०१२च्या डिसेंबरात न्यू यॉर्क टाइम्सने हिमप्रपातावरील ‘स्नो फॉल’ हा दीर्घ वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि वाचनाबरोबर चित्रे व नकाशे जिवंत होण्याची पद्धत तेव्हापासून जगभर रूढ झाली. तिचे अनुकरण पुष्कळदा नुसत्या भपक्यासाठी झाले, परंतु जेथे वाचनाचा क्रम आणि विषयाचा क्रम एकच असतो तेथे ती अर्थाला मदत करते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग घ्या. एका बाजूला नकाशा स्टिकी करून स्थिर ठेवला, दुसऱ्या बाजूने आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी अशी मुक्कामांची वर्णने सरकू दिली, आणि प्रत्येक वर्णन वाचनाच्या पट्ट्यात आले की नकाशावरची रेघ त्या गावापर्यंत वाढली, तर ज्याने दिवे घाट कधी पाहिला नाही अशा बेंगळूरमध्ये वाढलेल्या मराठी मुलालाही वारीचे अंतर डोळ्यांनी कळेल. मात्र वाचक मागे फिरला तर रेघही मागे फिरली पाहिजे. पुढच्या प्रवासाची तेवढी योजना करून परतीची विसरणे हा अशा पानांतला नेहमीचा दोष.

काही कामे अशी उरतात की ज्यांना सरकण्याची दिशा कळणे आवश्यक असते: खाली जाताना पट्टी लपावी, वर येताना पुन्हा यावी. येथे स्क्रोलचे फंक्शन लिहावे लागते. परंतु त्यात केवळ आताचे अंतर टिपावे, आणि बदल ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’च्या द्वारे, पुढचे चित्र उमटण्याच्या वेळी एकदाच करावा. पाच-दहा पिक्सेलांची उलटसुलट हालचाल हिशेबात धरू नये, कारण बसमधल्या माणसाचा अंगठा रस्त्याच्या खड्ड्यांनीही हलतो. आयफोनवर पानाच्या माथ्याशी ओढ घेतली की अंतर उणे होते आणि मग पान परत उसळते. त्या उसळीला पुष्कळ पाने ‘वाचक खाली चालला’ असे समजून पट्टी लपवतात, म्हणून शून्याहून कमी अंतर शून्यच मानावे. पट्टी लपवायची ती ‘ट्रान्सफॉर्म’ने हलवून, ‘टॉप’ किंवा उंची बदलून नव्हे, कारण ट्रान्सफॉर्म आणि पारदर्शकता हे प्रामुख्याने असे बदल आहेत की जे कंपोझिटर बहुधा मेन थ्रेडला न विचारता उरकू शकतो.

पान किती वाचून झाले ते दाखवणारी माथ्यावरची बारीक रेघ पूर्वी अशाच फंक्शनने वाढवावी लागे. आता सीएसएसमध्येच ॲनिमेशनला घड्याळाऐवजी सरकण्याच्या अंतराशी बांधता येते. ही सोय क्रोमच्या ११५व्या आवृत्तीत, २०२३ साली आली, आणि सफारीत २०२५ साली. ती सर्व ब्राउझरांत एकदम आलेली नसल्यामुळे ‘सपोर्ट्स’ची अट घालून वापरावी, आणि जेथे ती नाही तेथे रेघच दिसू नये, अर्धवट रेघेपेक्षा न दिसणारी रेघ बरी.

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. शरीराचा त्याहून महत्त्वाचा आहे. आजींच्या डोळ्यांपुढे आलेली अंधारी हा काही अपवाद नव्हे. ज्यांच्या आतील कानातील तोल सांभाळणारी व्यवस्था बिघडलेली असते, त्यांना पार्श्वभूमी एका गतीने आणि मजकूर दुसऱ्या गतीने सरकू लागला की खरोखरीची मळमळ होते. अशा व्यक्ती आपल्या फोनमध्ये हालचाल कमी करण्याची निवड करून ठेवतात. ‘प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन’ या अटीने ती निवड आपल्याला कळते, आणि ती कळल्यावर सरकण्याला बांधलेली सर्व हालचाल बंद करणे हे आपले कर्तव्य आहे. जागतिक सुगम्यता-नियमावलीच्या २०१८मधील २.१ या आवृत्तीत अशी हालचाल बंद करता येण्याविषयी कलम २.३.३ आहे, आणि २०२३मधील २.२ या आवृत्तीत कलम २.४.११ असे सांगते की कीबोर्डाने ज्या घटकावर आपण पोचलो तो चिकटलेल्या पट्टीखाली पूर्णपणे झाकला जाता कामा नये. अक्षरे मोठी करून वाचणाऱ्यांच्या पडद्यावर, किंवा फोन आडवा धरला असता, आपली पट्टी निम्मा पडदा व्यापते. यास्तव पडद्याची उंची पुरेशी असेल तरच ती चिकटवावी, एरवी तिला पानाबरोबर जाऊ द्यावे. आणि वाचकाचे सरकणे आपल्या ताब्यात घेऊन एका फटक्यात एक-एक विभाग पुढे ढकलणारी जी पाने असतात, तशी पाने करू नयेत, इतकेच मी आग्रहाने सांगेन.

परीक्षा कोठे घ्यावी? आपल्या मेजावरच्या संगणकावर तर नव्हेच. फ्लिपकार्टने २०१५ साली आपले मोबाइलवरील संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने ते ब्राउझरमध्ये नव्याने आणले. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्या पानाचे ६३ टक्के वापरकर्ते टूजी जाळ्यावरून येत होते. आज त्या कंपनीची कचेरी बेळ्ळंदूरला लागून असलेल्या देवरबीसनहळ्ळीत आहे. तिच्या आसपास वावरणाऱ्या तरुणांच्या खिशांतले फोन अतिशय वेगवान असतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. घरातला जुना, बाजूला पडलेला अँड्रॉइड फोन काढावा. क्रोमच्या परीक्षण-दालनात प्रोसेसर चारपट मंद करण्याची सोय आहे, ती लावावी. पान जोराने खाली फेकावे, मध्येच थांबवावे, लगेच उलट न्यावे, आणि मर्यादेच्या आसपास दोन-दोन पिक्सेलांनी पुढेमागे करून पाहावे. नंतर जावास्क्रिप्ट सर्वस्वी बंद करून तेच पान उघडावे, आणि सर्व मजकूर वाचता येतो की नाही ते बघावे.

या शेवटच्या परीक्षेचे महत्त्व मला त्याच गणेशोत्सवात कळले. पट्टीचे काम पहाटे आटोपले, पण पानातले कार्यक्रमांचे विभाग नजरेच्या टप्प्यात आल्यावर हलकेच उमटावेत म्हणून मी ते मुळात अदृश्य ठेवून ऑब्झर्व्हरच्या वर्दीने दृश्य करत होतो. आजींनी नातवाला सांगून ते पान छापून घेतले, आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावले. छापताना कोणी पान सरकवत नाही. म्हणून पहिले दोन विभाग कागदावर उमटले आणि पुढची अडीच पाने कोरी आली. तेव्हापासून मी विभाग मुळात दृश्यच ठेवतो. जावास्क्रिप्ट चालू आहे आणि हालचाल कमी करण्याची निवड केलेली नाही, असे दोन्ही कळल्यावरच त्यांना अदृश्यतेचा वर्ग लावतो, आणि छपाईच्या स्टाइलमध्ये सर्व विभागांना पूर्ण दृश्यता, पट्टीला साधी स्थिती आणि ‘वर जा’ या बटणाला रजा, एवढ्या तीन ओळी न चुकता लिहितो. कोऱ्या पानांवर आजींनी पेनाने आरतीच्या वेळा लिहिल्या होत्या, सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेसात. विसर्जनापर्यंत फळ्यावर तोच कागद होता.